पुण्यात भोंगा कोणी वाजवायचा?

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजारांची. ऑगस्ट २०२२ मध्ये या गावाने ग्रामसभेत एक आगळा निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि पुढचा दीड तास गावातले सगळे टीव्ही व मोबाईल बंद राहतील. साडेआठला पुन्हा भोंगा होईल, मग ज्याला जे पाहायचे ते त्याने खुशाल पाहावे. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, निदान एकमेकांशी चार शब्द बोलावे, एवढीच अपेक्षा होती.

हे एकाएकी सुचलेले नव्हते. करोनाच्या टाळेबंदीत शाळेसाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाईल आले. शाळा उघडल्या, पण मोबाईल सुटले नाहीत. शिक्षकांनी तक्रार केली. सरपंच विजय मोहिते यांनी आधी गावातल्या महिलांशी चर्चा केली, तेव्हा मालिका पाहण्यात आपलाही वेळ जातो हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. सुरुवातीला काहींनी थट्टा केली, 'हे असले कुठे चालते का' म्हणून. पण अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले आणि गोष्ट अंगवळणी पडू लागली. पुढे त्याच जिल्ह्यातील अग्रण धुळगावने असाच प्रयोग केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावानेही संध्याकाळी सात ते नऊ असा वेळ ठरवला.

वाचकांना वाटेल, खेड्यातली ही बातमी शहरातल्या आरोग्याच्या सदरात कशासाठी? कारण साधे आहे. हल्ली कोणत्याही वयाच्या पुणेकराला विचारा, 'कसे काय चालले आहे?' उत्तर एकच येते, 'वेळ पुरत नाही.' डोळे चुरचुरतात, मान आखडते, झोप लागत नाही, या तक्रारींच्या मागोमाग हेही वाक्य येतेच. सकाळचे फिरणे राहते, कारण वेळ नाही. घरी स्वयंपाक करायचा राहतो, कारण वेळ नाही. मुलाचा अभ्यास घ्यायचा राहतो, वाचनालयाचे पुस्तक न वाचताच परत जाते, आईवडिलांची तपासणी महिनोन् महिने लांबते, कारण तेच. या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा शरीरात नसून हातातल्या पडद्यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्यावरचा उपाय एकेकट्याने करायचा नसून चारचौघांनी मिळून करायचा आहे, हे त्या वडगावकरांना आपल्याआधी कळले, असेही मला वाटते.

साधा हिशेब

आधी थोडा हिशेब करू. वडगावने मागितला तो रोजचा दीड तास. वर्षाचे होतात साडेपाचशे तासांच्या आसपास. दिवसाला आठ तासांचे काम धरले, तर हे अडुसष्ट दिवस झाले. म्हणजे रविवारच्या सुट्ट्या धरून अडीच महिन्यांहून जास्त नोकरीचा काळ. एखादी भाषा बेताची बोलता येण्याइतकी शिकावी, चालण्याचा व्यायाम अंगी मुरावा, घराची रखडलेली सगळी कागदपत्रे मार्गी लागावीत, एवढा हा वेळ आहे. आता आपल्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन दिवसाचा वापर किती तास झाला, तो आकडा पाहा. तो चार तास निघाला, तर वर्षाचे एक हजार चारशे साठ तास होतात, म्हणजे कामाचे एकशे ब्याऐंशी दिवस. अर्धे वर्ष!

यातला काही वापर कामाचा असतो, हे मान्य. बँक, गॅसचे बुकिंग, रिक्षा, रेल्वेचे तिकीट, मुलांच्या शाळेच्या सूचना, सगळे त्या एका यंत्रात आले आहे. पण कामाचा वापर आणि वाया गेलेला वापर यांची फोड स्वतःशी प्रामाणिकपणे केली, तर बहुतेकांना दुसरा आकडा मोठा दिसेल. गॅसचे बुकिंग करायला दोन मिनिटे लागतात. ते करायला म्हणून मोबाईल उघडला आणि चाळीस मिनिटांनी खाली ठेवला, तर त्या अडतीस मिनिटांचे काय?

शेवट नसलेला पडदा

पुण्याला पडदा नवा नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागले. वाड्यात, चाळीत एखाद्याकडे संच असे आणि सारे शेजारी त्याच्याकडे गोळा होत. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्या वेळीही डॉक्टर, शिक्षक आणि घरातली वडीलधारी मंडळी टीव्हीच्या नावाने बोटे मोडत असत. मग आजचा गहजब वेगळा कसा?

वेगळा आहे, तो एका बाबतीत. तेव्हाचा कार्यक्रम संपत असे. 'रामायण' झाले की लोक उठून आंघोळीला जात. रात्री प्रक्षेपण बंद होई आणि पडद्यावर काही उरत नसे. वर्तमानपत्राचेही शेवटचे पान असते, ते आले की आपण घडी घालतो. आजच्या मोबाईलला शेवटचे पानच नाही. बोट वर सरकवले की पुढचे येते, त्यापुढचे येते, संपतच नाही. ही युक्ती अझा रास्किन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने २००६ च्या सुमारास रचली, आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. त्यात २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट पाण्यासारखे स्वस्त झाले. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली, तर जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या. त्याच वर्षी टाळेबंदीने सगळ्यांना घरात कोंडले. या साऱ्यांचा मेळ असा बसला, की आजोबांपासून नातवापर्यंत घरातला प्रत्येक जण आपापल्या पडद्यासह एकेका कोपऱ्यात गेला.

आणखी एक बाब. पुढे काय येईल हे आपल्याला ठाऊक नसते. दहा चित्रफिती रटाळ निघतात आणि अकरावी खळखळून हसवते. बक्षीस कधी मिळेल हे निश्चित नसले की प्राणी ती कृती अधिक चिकाटीने करत राहतो, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून गेल्या शतकातच दाखवले. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. तेव्हा मोबाईल खाली ठेवता येत नाही म्हणून स्वतःला आळशी किंवा दुबळे म्हणून दूषणे देण्याचे कारण नाही. समोर हजारो हुशार माणसे तो खाली ठेवला जाऊ नये यासाठी पगार घेऊन काम करत आहेत. सामना बरोबरीचा नाही, एवढेच.

लक्षाचे तुकडे

खरे नुकसान मिनिटांचे नाही, लक्षाचे आहे. एका कामावरून दुसऱ्यावर गेले की मन पहिल्या कामात काही काळ रेंगाळते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये याला 'लक्षाचा उरलेला गाळ' अशा अर्थाचे नाव दिले. पोळ्या लाटता लाटता दर दोन मिनिटांनी हात धुऊन दार उघडायला जावे लागले, तर पोळ्यांचे जे होईल, तेच आपल्या कामाचे होते. दार उघडायला अर्धेच मिनिट लागते, पण तवा तापून जातो.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क या प्राध्यापिकेने पडद्यापुढे काम करणाऱ्या माणसांचा बरीच वर्षे अभ्यास केला. २००४ मध्ये माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. अलीकडच्या वर्षांत हा काळ सत्तेचाळीस सेकंदांवर आला आहे, असे त्यांना आढळले. हा आकडा वाचला की मला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे १९१९ मध्ये हाती घेतली गेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झाली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पंडितांनी तपासली, एकेका श्लोकाचे पाठभेद जुळवले. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ मध्ये वारले, तरी काम थांबले नाही. हे सत्तेचाळीस वर्षांचे काम आपल्याच शहरात झाले. सत्तेचाळीस सेकंदांत ज्याचे चित्त उडते, त्याच्या हातून महाभारत राहू द्या, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्तही धड लिहून होणार नाही.

मग पडदा कमी केल्याने फरक पडतो का, की हे नुसते उपदेशाचे बोल? फेब्रुवारी २०२५ मध्ये याविषयी एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झाला. चारशे सदुसष्ट माणसांना आपल्या मोबाईलवरचे इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवायला सांगितले. बोलणे आणि साधे संदेश चालू होते, घरच्या किंवा कचेरीच्या संगणकावर इंटरनेटही चालू होते. म्हणजे कोणाला हिमालयात पाठवलेले नव्हते. मोबाईलवरचा रोजचा वेळ पाच तासांहून जास्त होता, तो तीन तासांच्या खाली आला. लक्ष टिकवण्याची शक्ती सुधारली, मनाचे स्वास्थ्य सुधारले. दहांपैकी नऊ जणांना कोणत्या ना कोणत्या बाबतीत फायदा झाला. वाचलेला वेळ लोकांनी माणसांना भेटण्यात, व्यायामात आणि मोकळ्या हवेत घालवला, असे संशोधकांनी नोंदवले.

पण याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपणहून भाग घेतलेल्या या माणसांपैकी बहुतेकांना दोन आठवडे हा नियम नीट पाळता आला नाही. मनाशी निश्चय केला, नाव नोंदवले, तरीही. म्हणजे औषध गुणकारी आहे, पण एकट्याला घेववत नाही. वडगावच्या भोंग्याचे मोल इथे कळते.

शरीराचे काय

आरोग्याचे सदर आहे, तेव्हा शरीराकडे वळू. एकटक पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी पडद्यापुढे त्याच्या निम्म्यावर येते. डोळ्यांवरचा ओलावा सुकतो, मग चुरचुर, लाली, डोकेदुखी. मान पुढे झुकवून बसल्याने मानेच्या स्नायूंवर डोक्याच्या वजनाहून कितीतरी जास्त ताण येतो. मुलांच्या बाबतीत आणखी एक भर. घराबाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा दोष कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. पडदा मुलाला घरात बसवतो, तो दुहेरी तोटा.

सगळ्यांत मोठी हानी झोपेची. पडद्याच्या निळसर प्रकाशाची चर्चा फार होते, पण माझ्या मते प्रकाशापेक्षा मजकूर अधिक जागवतो. रात्री अकरा वाजता साहेबांचा निरोप वाचला किंवा कोणाशी शाब्दिक चकमक झाली, की अंथरुणावर अंग पडते, मन पडत नाही. सहा तासांची झोप साडेचारवर येते. दुसऱ्या दिवशी एका तासाच्या कामाला दोन तास लागतात. मग ते काम रात्रीपर्यंत रेंगाळते, आणि 'आज स्वतःसाठी वेळच मिळाला नाही' म्हणून माणूस पुन्हा मध्यरात्रीपर्यंत मोबाईल पाहत बसतो. हे चक्र झोपेच्या टोकाला धरून तोडावे लागते.

मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये, अपवाद फक्त दूरच्या नातलगांशी अधूनमधून दिसत-बोलत साधलेल्या संपर्काचा. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी. घास भरवताना हातात मोबाईल देणाऱ्या आयांना या सूचना जड वाटतील. पण आजीआजोबांनी आणि बाबांनी थोडा भार उचलला तर त्या पाळता येण्याजोग्या आहेत.

एकट्याचे पथ्य टिकत नाही

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात पुण्याचे नाव मोठे आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणने हजारो कुटुंबे सावरली. तिथला एक धडा सगळ्यांना लागू पडतो. व्यसनातून माणूस एकट्याने क्वचितच बाहेर येतो. त्याला समदुःखी सोबती लागतात, घरच्यांची साथ लागते, दिवसाचे ठरलेले वेळापत्रक लागते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनेही २०१४ मध्ये मोबाईल व इंटरनेटच्या अतिवापरासाठी स्वतंत्र सेवा सुरू केली, आणि तिथेही समुपदेशनात कुटुंबाला सामील करून घेतात.

एक खुलासा मात्र आवश्यक आहे. मोबाईल जास्त पाहणारा प्रत्येक माणूस व्यसनी नव्हे. तो शब्द सैलपणे वापरू नये. ज्याची शाळा, नोकरी, झोप, नाती सारे कोलमडले आहे आणि तरीही थांबता येत नाही, त्याला तज्ज्ञांकडे न्यावे. बाकीच्या आपल्यासारख्यांना उपचार नको, पथ्य पुरेसे आहे. पण पथ्यसुद्धा घरात एकट्यानेच पाळायचे असेल तर टिकत नाही. मधुमेह झालेल्या वडिलांपुढे बाकीचे सगळे जिलेबी खात बसले, तर ते किती दिवस तोंड फिरवतील?

वडगावच्या प्रयोगात चार गोष्टी होत्या. वेळ ठरलेली होती, त्यामुळे रोज नव्याने निश्चय करावा लागत नव्हता. वेळ थोडी होती, त्यामुळे कोणी घाबरले नाही. नियम लहानथोर सर्वांना सारखा होता, त्यामुळे मुलांना 'तुम्ही मात्र बघता' असे म्हणायला जागा उरली नाही. आणि घरोघरी जाऊन समजावणारी माणसे गावातलीच, ओळखीची होती. यातली एकही गोष्ट खर्चिक नाही. आपल्या घरात आणि सोसायटीत यांतल्या किती आहेत, ते वाचकांनी मोजून पाहावे.

अभ्यासिकेतली मुले

पुण्यात या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत कोण मोजते, असे विचाराल तर मी सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतल्या अभ्यासिकांकडे बोट दाखवीन. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले-मुली राज्यसेवेच्या, पोलीस भरतीच्या, तलाठ्याच्या परीक्षांसाठी तिथे दिवसाचे बारा बारा तास बसतात. घरी वडिलांनी सोयाबीन विकून, कधी जमिनीचा तुकडा गहाण टाकून पैसे पाठवलेले असतात. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, अभ्यासिकेचे शुल्क, शिकवणीचे शुल्क, सगळे मिळून महिन्याचा आकडा त्या घराला पेलणारा नसतो. आणि पुस्तकाशेजारी पालथा ठेवलेला मोबाईल असतो.

या मुलांना मोबाईल टाकून द्या म्हणणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. त्यांच्या शिकवण्या, टिपणे, जाहिराती, निकाल सारे त्यावरच येते. पण खुर्चीवर बारा तास बसणे म्हणजे बारा तास अभ्यास नव्हे. २०१७ मध्ये टेक्सासच्या काही संशोधकांनी दाखवले, की मोबाईल बंद करून नुसता टेबलावर ठेवला तरी कठीण बौद्धिक कामात माणूस मागे पडतो, आणि तोच दुसऱ्या खोलीत ठेवला तर बरे काम करतो. पुढच्या काही अभ्यासांत हा परिणाम तेवढा ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी तो दुसऱ्या खोलीत ठेवून पाहायला हरकत नाही.

म्हणून माझी अभ्यासिकाचालकांना सूचना आहे. दाराशी कुलपाच्या खणांचे एक कपाट ठेवा. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीन ते सहा ज्याला मोबाईल आत ठेवायचा त्याने ठेवावा. सक्ती नको. मात्र अशा मुलांसाठी एक वेगळी खोली किंवा निदान एक रांग राखून ठेवा. पाच जण आधी बसतील, मग पन्नास बसतील. घरून तातडीचा निरोप यायचा असेल तर तो अभ्यासिकेच्या फोनवर यावा. जिथे निवडीतले अंतर एकेका गुणाचे असते आणि एक प्रयत्न हुकला की वर्ष जाते, तिथे दिवसाचे सहा अखंड तास ही फार मोठी पुंजी आहे.

आक्षेप आणि उत्तरे

'पुणे म्हणजे काही वडगाव नव्हे,' हा पहिला आक्षेप येईल. खरे आहे. एवढ्या मोठ्या शहरात एक भोंगा चालणार नाही, आणि आवाजाची पुण्यात आधीच कमतरता नाही. पण शहर हेही शेवटी वाडे, सोसायट्या, वस्त्या आणि मंडळे यांचेच बनलेले असते. शंभर घरांची सोसायटी म्हणजे एक लहान गाव. पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ, वाहने लावायची जागा यांचे नियम ती करतेच. रात्री आठ ते नऊ पडदा बंद आणि मुले खाली खेळायला, एवढा ठराव तिच्या सभेत का येऊ नये? गणेशोत्सवात दहा दिवस शेकडो माणसांना एका वेळापत्रकात बांधणारी मंडळे आपल्याकडे आहेत. त्यांनी मनावर घेतले तर भोंग्याची गरजही पडणार नाही. शिवाय दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून साऱ्या महाराष्ट्राची थट्टा आनंदाने सोसणारे हे शहर. 'या वेळेत आम्ही उपलब्ध नाही' असे सांगण्याची कला पुणेकरांना शिकवावी लागत नाही!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'सात वाजता बंद करू, पण कचेरी ऐकेल का?' हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात काम करणाऱ्यांचा हा रास्त प्रश्न आहे. परदेशाच्या घड्याळावर चालणाऱ्या कामाला संध्याकाळ नसते. कामाच्या वेळेनंतर फोन वा निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. पण कायदा होईपर्यंत प्रत्येक साहेबाला आणि बाईसाहेबांना एक गोष्ट करता येते. रात्री सुचलेली सूचना लिहून ठेवावी आणि सकाळी पाठवावी. मोबाईल कमी करून वाचलेला वेळ पुन्हा कचेरीलाच द्यायचा असेल, तर त्या काटकसरीचा उपयोग काय? 'जास्त काम व्हावे' यातले काम म्हणजे केवळ मालकाचे काम नव्हे. वडिलांच्या गोळ्या डबीत भरून ठेवणे हेही कामच आहे, आणि मित्राच्या घरी विनाकारण जाऊन बसणे हेही माझ्या यादीत बसते.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून फारशी कोणी मांडत नाही, म्हणून मीच मांडतो. संध्याकाळी सात ते साडेआठ ही बहुतेक घरांत बाईची स्वयंपाकाची वेळ. दिवसभर नोकरी किंवा घरकाम करून ती कणीक मळता मळता एखादी मालिका पाहते, तीच तिची करमणूक. भोंगा वाजवून आपण तिची मालिका बंद केली आणि कणीक मात्र तिच्याच हाती ठेवली, तर तो आरोग्याचा उपक्रम न राहता सोयीस्कर शिस्त झाली. पडदा बंद असलेल्या त्या वेळात भाजी चिरायला, ताटे घ्यायला, मुलांची दप्तरे भरायला घरातले पुरुष आणि मोठी मुले उठली पाहिजेत. तसेच, मोबाईल कमी करण्याच्या नावाखाली घरातल्या सुनेचा किंवा मुलीचाच मोबाईल काढून घेणे, तो तपासणे, असले प्रकार होता कामा नयेत. नियम सर्वांना, नाही तर कोणालाच नाही.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांनाही हा नियम जसाच्या तसा लावू नये. ज्यांची मुले अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांच्यासाठी संध्याकाळचा तो पंधरा मिनिटांचा फोन म्हणजेच माणसांची सोबत. तो पडदा बंद करण्यात शहाणपणा नाही. त्यानंतरचे दोन तास पुढे ढकललेल्या निरोपांत जातात, ते कमी करावेत.

घरचे पथ्य

आता प्रत्यक्ष काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

१. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून रोजचा एक तास ठरवावा. सुरुवात दीड तासाने नको. ठरलेली वेळ आठवडाभर बदलू नये.

२. त्या तासात सर्वांचे मोबाईल एका जागी, शक्यतो बैठकीच्या खोलीबाहेर, एका डब्यात किंवा फडताळात ठेवावेत. खिशात ठेवलेला बंद मोबाईल हा बंद नव्हे.

३. त्या तासात काय करायचे ते आधी ठरवावे. रिकामा तास मोबाईलच मागतो. चालणे, पत्ते, कॅरम, इस्त्री, उद्याची भाजी निवडणे, काहीही चालेल.

४. झोपण्याच्या खोलीत मोबाईल नेऊ नये. गजरासाठी लागतो ही सबब असेल, तर साधे गजराचे घड्याळ आणावे.

५. फोन आणि खरोखर तातडीचे निरोप सोडून बाकी सर्व सूचनांचे आवाज बंद करावेत. निरोप आपण पाहावेत, निरोपांनी आपल्याला हाक मारू नये.

६. पडद्यापुढे बसून काम करणाऱ्यांनी दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, आणि तासातून एकदा उठून पाणी प्यावे.

७. किती मिनिटे वाचली याचा हिशेब फार ठेवू नये. त्याऐवजी आठवड्याच्या शेवटी, राहिलेले कोणते काम पुरे झाले ते कागदावर लिहावे. मिनिटे पाहून उत्साह येत नाही, झालेले काम पाहून येतो.

एखादा दिवस नियम मोडेल. पाहुणे येतील, क्रिकेटचा अंतिम सामना असेल. त्या दिवसाचे सोडून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बसावे.

पालकांना शेवटी एकच सांगणे. मुलाच्या हातातला मोबाईल काढून घेण्यापूर्वी आपला खाली ठेवा. मूल सांगितलेले ऐकत नाही, पाहिलेले करते. आणि सोसायटीच्या अध्यक्षांना, अभ्यासिकांच्या चालकांना, मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. तीन हजार वस्तीच्या गावाने जे करून दाखवले, ते करायला महापालिकेची परवानगी लागत नाही, निधीही लागत नाही. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घाला. पहिल्या दिवशी पाच घरे पुढे आली तरी पुरेत, सुरुवात त्या पाच घरांनी करावी.